घरचा लादी पाव: मुंबईच्या हवेत, लहान ओट्यावर

घरी भाजण्याचा छंद लावून घ्यायचा असेल, तर पहिला पदार्थ केक नसावा, लादी पाव असावा, असे माझे अनुभवाअंती ठाम मत झाले आहे. केकचे मिश्रण एकदा ओव्हनमध्ये गेले की आपल्या हाती काही उरत नाही. तो मध्ये बसला, तर दोष सोड्याचा, साखरेचा, फेटण्याचा की आचेचा, हे नवख्या माणसाला ओळखता येत नाही. पावाचा गोळा मात्र भाजण्यापूर्वी दोन-अडीच तास आपल्या हाताखाली असतो. तो सैल झाला, घट्ट राहिला, फुगलाच नाही किंवा फार फुगला, हे सारे डोळ्यांना दिसते, बोटांना कळते, आणि त्यातील बहुतेक चुका तिथल्या तिथे सुधारता येतात. शिवाय साहित्य स्वस्त असते, अंडे लागत नाही, आणि चांगला लादी पाव कसा लागतो हे प्रत्येक मुंबईकराच्या जिभेला लहानपणापासून ठाऊक असते, त्यामुळे आपला पाव जमला की नाही हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही.

आपल्या घरांमध्ये बंद भट्टीची कोरडी आच पूर्वी नव्हती. तवा, कढई, मोदकपात्र आणि कुकर यांवर आपला सगळा स्वयंपाक चालत असे, आणि ज्याला भट्टी लागे ते काम घराबाहेर करून घेतले जाई. दिवाळीच्या आधी मैदा, तूप आणि पिठीसाखर घेऊन जवळच्या बेकरीत जायचे, तिथे नानकटाईचे गोळे पत्र्यावर मांडायचे आणि भाजून झालेली नानकटाई गरम डब्यांतून घरी आणायची, ही रीत गिरगाव, दादर, परळच्या कितीतरी घरांत होती. माझी आई तर मला त्या रांगेत डबा धरून उभे करीत असे. पाव हा शब्दच पोर्तुगिजांकडून आलेला आणि तो भाजणारे बेकरीवाले पहाटे आपल्या दारात येणारे, त्यामुळे पाव घरी करायचा असतो हे आपल्या मनात कधी आले नाही. पण पावाच्या कामाचा अर्धा भाग, म्हणजे पीठ आंबवणे आणि मळणे, आपल्याला चांगलाच येतो. आंबोळीचे पीठ रात्री किती वर येईल याचा अंदाज जिला आहे, आणि पोळीची कणीक किती सैल हवी हे ज्याच्या हाताला कळते, त्यांना फक्त भाजणे नव्याने शिकायचे आहे.

साहित्य आणि त्यामागची कारणे

आठ इंची चौकोनी डब्यात मावतील अशा नऊ पावांचे प्रमाण असे आहे: मैदा ३०० ग्रॅम, दूध १०० मिलिलिटर, पाणी १०० मिलिलिटर, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम म्हणजे साधारण सव्वा चहाचा चमचा, साखर १५ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम आणि लोणी २० ग्रॅम. खारे बटर वापरायचे असल्यास मीठ अर्धा ग्रॅम कमी करावे. डब्याला लावायला आणि वरून फिरवायला थोडे लोणी वेगळे ठेवावे.

मी ही मापे ग्रॅममध्ये देण्याचा आग्रह धरते, कारण वाटी या मापाने पावाचे जेवढे नुकसान होते तेवढे दुसऱ्या कशानेही होत नाही. एकाच वाटीत मैदा हलक्या हाताने भरला आणि दाबून भरला, तर वजनात सहज पाव हिश्श्याचा फरक पडतो, आणि एवढ्या फरकाने एकीकडे हाताला चिकटणारा चिखल होतो, तर दुसरीकडे दगडासारखा गोळा. डिजिटल वजनकाटा ही या छंदातील पहिली खरेदी असावी. ओव्हन त्यानंतर आला तरी चालेल. बेकरीकाम करणारे लोक मैद्याचे वजन १०० धरून बाकी सगळे त्याच्या टक्क्यांत सांगतात. वरच्या प्रमाणात मीठ पावणेदोन टक्क्यांच्या आसपास, यीस्ट सव्वा टक्क्याच्या किंचित वर आणि साखर ५ टक्के आहे. ही पद्धत अंगवळणी पडली की अर्धा किलो मैद्याचे गणित मनातल्या मनात करता येते.

मैद्याला पाणी लागले की त्यातील प्रथिने एकमेकांना धरतात आणि ग्लूटेनचे लवचीक जाळे तयार होते. यीस्ट हा जिवंत सूक्ष्मजीव साखर खाऊन कर्बवायू सोडतो, आणि तो वायू या जाळ्यात अडकल्यामुळे गोळा फुगतो. मीठ केवळ चवीसाठी नसते, ते जाळे घट्ट करते आणि यीस्टचा वेग आवरते. एकदा मी मीठ घालायला विसरले, तेव्हा गोळा भराभर वर आला, हाताला ढिला लागला आणि पाव इतका अळणी झाला की तो दुधात बुडवूनच संपवावा लागला. दुधामुळे पाव मऊ राहतो आणि रंग चांगला येतो. लोणी मात्र सुरुवातीलाच घातले तर मैद्याच्या कणांना वेढून बसते आणि जाळे तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून ते शेवटी घालायचे.

यीस्ट विकत घेताना लहान पाकीट घ्यावे, आणि उघडल्यावर ते हवाबंद बाटलीत भरून फ्रीझरमध्ये ठेवावे. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी ते गॅसच्या वरच्या कपाटात मसाल्यांच्या शेजारी ठेवले होते. खालून वाफ, बाहेरून दमट हवा, आणि तीन आठवड्यांत ते निकामी झाले. तीन तास वाट पाहूनही गोळा तसाच पडून राहिल्यावर मला कारण कळले. शंका असेल तेव्हा अर्ध्या वाटी कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि अर्धा चमचा यीस्ट घालून दहा मिनिटे ठेवावे. वर फेसाचा थर आला तर यीस्ट जिवंत आहे, नाहीतर ते टाकून द्यावे. पाणी बोटाला चटका देण्याइतके गरम असू नये, कारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास यीस्ट मरते.

डबा अॅल्युमिनियमचा घ्यावा, स्टीलचा नको, कारण अॅल्युमिनियम आच लवकर आणि सारखी पसरवते. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात भाजण्याची भांडी विकणारी दुकाने आहेत, आणि तिथे डबा हातात घेऊन, पत्रा किती जाड आहे हे दाबून पाहून घेता येतो. आपल्या ओव्हनची आतली रुंदी आधी मोजून चिठ्ठीवर लिहून न्यावी. आठ इंची डबा बसतो की नाही हे दुकानात आठवत नाही.

मळणे

परातीत मैदा चाळून घ्यावा. पावसाळ्यात चाळणे टाळूच नये, कारण मैद्यात गुठळ्या होतात आणि किडेही सापडतात. त्यात साखर आणि यीस्ट मिसळावे, एका बाजूला मीठ घालावे, आणि दूध-पाणी एकत्र करून ओतावे, पण सगळे नव्हे. दोन मोठे चमचे मागे ठेवावेत. मैदा किती पाणी पितो हे कंपनीनुसार, पोत्यानुसार आणि ऋतूनुसार बदलते. जुलै महिन्यात मुंबईची हवा इतकी ओली असते की मैद्याने आधीच ओलावा शोषलेला असतो, आणि त्या दिवसांत मागे ठेवलेले पाणी मला बहुतेक वेळा लागतच नाही. कोरड्या जानेवारीत मात्र ते सगळे जाते.

कोरडा मैदा दिसेनासा होईपर्यंत कालवून गोळा करावा आणि वर ताट झाकून वीस मिनिटे स्वस्थ राहू द्यावे. हा विसावा फुकट जात नाही. या वेळात मैदा पाणी पिऊन घेतो, जाळे आपोआप तयार होऊ लागते आणि पुढची मेहनत निम्मी होते. पोळ्यांची कणीक भिजवून झाकून ठेवण्यामागे हेच कारण असते.

आता तिंबायला घ्यावे. सुरुवातीला गोळा हाताला चिकटेल, आणि इथेच बहुतेक जण घाबरून वरून मैदा भुरभुरत राहतात. तसे मुळीच करू नये, कारण प्रत्येक मुठीबरोबर पाव कोरडा होत जातो. तळहाताच्या टाचेने गोळा पुढे रेटावा, घडी घालून मागे आणावा, पाव वळसा द्यावा आणि पुन्हा रेटावा. पाच-सहा मिनिटांत चिकटपणा कमी होऊ लागतो. मग मऊ लोणी दोन हप्त्यांत घालावे. लोणी पडल्यावर गोळा क्षणभर फाटल्यासारखा, ओशट आणि बिघडल्यासारखा दिसेल, पण मळत राहिल्यास दोन मिनिटांत लोणी आत जिरते आणि तो पुन्हा एकजीव होतो. एकूण दहा ते बारा मिनिटे मळावे लागते. आमच्या मुलुंडच्या घराचा ओटा जेमतेम सव्वाचार फुटांचा आहे आणि त्यावर गॅसही आहे, म्हणून मी परात जमिनीवर घेऊन, खाली ओले फडके अंथरून, मांडी घालून मळते. अंगाचा भार नीट पडतो आणि मनगटे दुखत नाहीत.

मळणे पुरे झाले की नाही हे घड्याळावरून ठरवू नये. लिंबाएवढा तुकडा तोडून दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू चारही बाजूंना ताणावा. त्याचा पातळ पापुद्रा होऊन पलीकडचा उजेड दिसला, आणि फाटलाच तर भोक गोल कडांचे पडले, तर गोळा तयार आहे. तुकडा लगेच ओबडधोबड फाटला, तर आणखी तीन-चार मिनिटे मळावे. पावात जी लांबलांब धाग्यांची जाळी हवी असते, जी ओढली की पदर सुटावेत तशी सुटते, ती या परीक्षेत उतरलेल्या गोळ्यातूनच येते. लादी पावाच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट कोणती, असे विचारले तर मी या पापुद्र्याकडे बोट दाखवीन.

फुगवणे, आणि मुंबईची हवा

परदेशी पाककृतींमध्ये कोमट दूध घ्या, गोळा उबदार जागी ठेवा, दीड-दोन तास थांबा, असे लिहिलेले असते. ते तिथल्या हवेसाठी बरोबर आहे. आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघर स्वतःच ३२-३३ अंशांवर असते, आणि वर मळण्याच्या घर्षणाने गोळा आणखी तापतो. अशा दिवशी कोमट दूध घातले, तर गोळा अर्ध्या तासात भरमसाट फुगतो, त्याला दारूसारखा आंबूस वास येतो आणि भाजल्यावर पाव खाली बसतो. मळून झालेल्या गोळ्याचे तापमान २६ ते २८ अंशांच्या आसपास असावे, आणि त्यासाठी मे महिन्यात फ्रिजमधील दूध आणि माठातील गार पाणी थेट वापरावे. डिसेंबर-जानेवारीत मात्र दूध-पाणी कोमट करावे.

गोळ्याला तेलाचा हात लावून तो उभ्या बाजूंच्या पारदर्शक बरणीत किंवा डब्यात ठेवावा, आणि त्याच्या पातळीवर बाहेरून रबरबँड लावावा, म्हणजे दुप्पट केव्हा झाला हे अंदाजावर सोडावे लागत नाही. पसरट वाडग्यात गोळा आडवा पसरतो आणि डोळा फसतो. माझ्या घरी मे महिन्यात चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे, पावसाळ्यात पन्नास मिनिटे ते एक तास आणि जानेवारीत सव्वा ते दीड तास लागतो. आपल्या घराची दिशा, मजला आणि खिडक्या यांवर हे आकडे बदलतील. मैद्यात बोट बुडवून ते गोळ्यात दोन पेरे खुपसावे; खड्डा तसाच राहिला तर फुगवण पुरी झाली, आणि तो चटकन भरून आला तर अजून वेळ आहे. समुद्राची दमट हवा आपल्याला इतर अनेक बाबतींत त्रास देते, पण इथे ती उपकारकच ठरते, कारण गोळ्याच्या वरच्या थराला कोरडी खपली धरत नाही. बेकरीवाल्यांना मुंबईत जवळजवळ बाराही महिने जी ऊब आणि जो ओलावा आयता मिळतो, तोच आपल्याला ओट्यावर मिळतो. एक सावधगिरी मात्र घ्यावी: पंख्याखाली गोळा उघडा ठेवू नये.

गोळा चुकून फार फुगला, तर तो टाकू नये. त्यातील वायू दाबून काढावा, लगेच पाव वळावेत आणि दुसऱ्या फुगवणीला नेहमीच्या निम्मा वेळ द्यावा. पाव किंचित आंबूस होईल, पण पावभाजीबरोबर ते जाणवतही नाही. खालीच बसला असेल, तर त्याच्या जाडसर पोळ्या लाटून तव्यावर भाजाव्यात.

वळणे आणि भाजणे

फुगलेला गोळा हलकेच दाबून, वजन करून, साठ-साठ ग्रॅमचे नऊ भाग करावेत. डोळ्यांच्या अंदाजाने केलेले भाग लहानमोठे होतात आणि लहान पाव आधी कोरडे पडतात. प्रत्येक भागाच्या कडा खालच्या बाजूला ओढून, मोदकाच्या कळ्या जुळवाव्यात तशा चिमटीत मिटवाव्यात, मग ती मिटवलेली बाजू खाली ठेवून, हाताच्या पोकळ पंजाखाली कोरड्या ओट्यावर गोल फिरवावे. इथे मैदा भुरभुरू नये, नाहीतर गोळा घसरतो आणि वरचा पापुद्रा ताणला जात नाही. हा ताण आला तरच पाव वर उंच उठतो. तो नसेल, तर आडवा पसरतो.

लोणी लावलेल्या डब्यात तीन ओळींत तीन-तीन गोळे, मध्ये बोटभर अंतर ठेवून मांडावेत. ओलसर फडके गोळ्यांना टेकणार नाही असे झाकावे आणि गोळे एकमेकांना चिकटून डब्याच्या काठाजवळ येईपर्यंत थांबावे; उन्हाळ्यात पंचवीस ते तीस मिनिटे पुरतात, थंडीत पंचेचाळीस. बोटाने हलका दाब दिल्यावर खळगा सावकाश आणि अर्धवट भरून आला की भाजायची वेळ झाली. गोळे असे चिकटून फुगतात म्हणून तर पावाच्या बाजू मऊ आणि पांढऱ्या राहतात, आणि लादी मोडताना ते लुसलुशीत पदर दिसतात.

दुसरी फुगवण अर्ध्यावर आली की ओव्हन २०० अंशांवर, वरची आणि खालची अशा दोन्ही कांड्या लावून, पंधरा मिनिटे तापवायला ठेवावा. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असे समजू नये. हवा तापलेली असते, भिंती अजून तापायच्या असतात. घरगुती ओव्हनचा काटा आणि आतले खरे तापमान यांत दहा-वीस अंशांचा फरक असणे अगदी सामान्य आहे, म्हणून आत ठेवायचा लहान तापमापक घेतला तर बऱ्याच शंका मिटतात. ही यंत्रे बहुधा १२०० ते २००० वॅटची असतात, म्हणजे १५०० वॅटचा ओव्हन सुमारे साडेसहा अँपियर वीज ओढतो. तो गिझर किंवा एसीसाठी असलेल्या मोठ्या पॉइंटवरच लावावा. जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी मिक्सरच्या लहान पॉइंटला एक्स्टेंशन जोडून तो कधीही चालवू नये. विजेच्या खर्चाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही, कारण तापवणे आणि भाजणे धरून एक लादी एका युनिटपेक्षा कमी विजेत होते.

गोळ्यांवर ब्रशने हलक्या हाताने दूध लावावे आणि डबा मधल्या किंवा त्याच्या खालच्या जाळीवर ठेवून अठरा ते वीस मिनिटे भाजावे. पहिल्या दहा मिनिटांत दार उघडू नये, कारण त्याच वेळात पाव शेवटचा वर उठतो. लहान ओव्हनमध्ये वरची कांडी जवळ असते. रंग लवकर चढू लागला, तर दहा मिनिटांनंतर वर अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा सैलसर ठेवावा. रंग बदामी-सोनेरी झाला आणि खालून टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की पाव झाला. अन्नाचा तापमापक असेल, तर पावाच्या मध्यभागी ९२ अंशांच्या वर तापमान असावे.

बाहेर काढताक्षणी वरून लोणी फिरवावे आणि कोरडे सुती फडके झाकावे. आतली वाफ फडक्याखाली अडकते आणि वरचे कडक झालेले कवच पाच मिनिटांत मऊ पडते. हे केले नाही, तर लादी पावाऐवजी कडक पावाकडे झुकणारे काहीतरी हाती येते. त्यानंतर लादी डब्यातून काढून जाळीवर ठेवावी, नाहीतर बुडाला घाम सुटतो. निदान अर्धा तास ती मोडू नये. वास घरभर सुटलेला असताना हे फार कठीण जाते, पण गरम पाव आतून ओला असतो आणि ओढला की त्याचा लगदा होतो.

बेकरीच्या लाकडी भट्टीतल्या पावाला जो किंचित धुराचा वास आणि खालच्या बाजूला करडेपणा असतो, तो घरी येणार नाही, आणि त्यासाठी धडपडूही नये. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला, तेव्हा तो वास शहरातही हळूहळू दुर्मीळ होणार आहे. मला त्याची रुखरुख वाटते, पण भट्टीशेजारी राहणाऱ्यांच्या छातीत जाणाऱ्या धुराचा विचार केला की आदेश पटतो.

ओव्हन नसेल तर

जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात किंवा कढईत दोन सेंटिमीटर जाडीचा जाड्या मिठाचा थर द्यावा, त्यावर स्टँड ठेवावा, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे आणि डबा आत ठेवून मंद-मध्यम आचेवर पंचवीस ते तीस मिनिटे भाजावे. पातेल्याच्या मापानुसार सहा इंची गोल डबा आणि निम्मे साहित्य घ्यावे. वरून आच नसल्यामुळे पाव वर पांढरा राहतो. झाल्यावर लादी उलटून तव्यावर लोण्यात दोन मिनिटे परतली की रंग येतो, आणि पावभाजीसाठी तर ते सोयीचेच होते. पुष्कळ जण रबर आणि शिट्टी काढून कुकर वापरतात. मी तो वापरत नाही, कारण वारंवार कोरडा तापवलेला कुकर पुढे वाफेच्या दाबाखाली वापरणे मला सुरक्षित वाटत नाही. मायक्रोवेव्ह असलेल्यांनी एवढे लक्षात ठेवावे की धातूचा डबा फक्त कन्व्हेक्शनवर, म्हणजे गरम हवेने भाजण्याच्या सोयीवर, चालतो.

नोकरी करणाऱ्यांसाठी

आठ वाजता लोकलमधून उतरून घरी येणाऱ्या माणसाला रात्री पाव करणे शक्य नाही, हे मी स्वतः भोगले आहे. त्यावर उपाय फ्रिज हा आहे. शनिवारी रात्री जेवणानंतर यीस्ट २ ग्रॅमवर आणून, दूध आणि पाणी गार घेऊन गोळा मळावा, झाकणाच्या मोठ्या डब्यात भरून वीस मिनिटे बाहेर ठेवावा आणि मग फ्रिजमध्ये सरकवावा. थंडीत यीस्ट मंदावते पण थांबत नाही, आणि दहा ते चौदा तासांच्या या सावकाश फुगवणीने पावाला जी खोल चव येते ती घाईच्या पावाला येत नाही. सकाळी गार गोळ्याचेच पाव वळावेत, कारण गार गोळा हाताला चिकटत नाही. दुसऱ्या फुगवणीला मात्र सव्वा ते दीड तास लागेल. साडेसातला फ्रिज उघडला, तर साडेदहापर्यंत मटकीच्या उसळीबरोबर किंवा ऑम्लेटबरोबर ताजी लादी ताटात येते.

घरच्यांकडून मैद्याबद्दल तक्रार होणारच. ३०० ग्रॅमपैकी १०० ग्रॅम गव्हाची कणीक घ्यावी, पाणी दहा-पंधरा मिलिलिटर वाढवावे आणि मळण्यापूर्वीचा विसावा अर्ध्या तासाचा करावा. कोंड्याचे कण ग्लूटेनचे जाळे कापतात, त्यामुळे पाव थोडा बसका होतो, पण खमंग लागतो. निव्वळ कणकेचा पाव हा वेगळाच पदार्थ आहे आणि त्याची घाई पहिल्या वर्षात करू नये.

घरच्या पावात टिकवणारे काही नसते. पावसाळ्यात तो दुसऱ्या दिवशी संपवावा; तिसऱ्या दिवशी बुरशीचा हिरवट ठिपका दिसला, तर तेवढा भाग कापून बाकीचा खाऊ नये, पूर्ण पाव टाकावा. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्याने पाव बुरशीपासून वाचतो, पण त्यातील स्टार्च थंडीत लवकर कडक होतो आणि तो बाहेर ठेवलेल्या पावापेक्षा आधी शिळा लागतो. उरलेला पाव त्याच दिवशी पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाकावा, आणि हवा तेव्हा तव्यावर मंद आचेवर, पाण्याचे चार थेंब शिंपडून, झाकण ठेवून तीन-चार मिनिटे गरम करावा.

पहिले दहा वेळा हाच एक पाव, याच मापाने करावा आणि प्रत्येक वेळेची नोंद वहीत ठेवावी: तारीख, हवा, किती पाणी गेले, किती वेळात दुप्पट झाला, रंग कसा आला. माझ्या वहीत एका जुलैच्या रविवारी लिहिले आहे: बाहेर संततधार, दूध १००, पाणी ८०, पहिली फुगवण ५५ मिनिटे, दुसरी ३५, मधल्या जाळीवर १९ मिनिटे, मधला पाव किंचित ओला, पुढच्या वेळी दोन मिनिटे जास्त. पुढच्या रविवारी मी एकवीस मिनिटे ठेवला, आणि मधला पावही कोरडा निघाला.